पिवळ्या डोक्याचा बैल

वसंत लागतो त्या दिवशी गावानं काठ्यांनी फोडायचा मातीचा बैल घडवणं, हे छू शौथ्येनच्या घराण्याचं काम. ह्वांग हो नदीच्या बांधाखालच्या त्या गावात त्यानं एकतीस बैल केले होते. माती दरवर्षी बांधाच्या पायथ्याची. ऐन थंडीत ती जमीन दगडासारखी गोठलेली असे.

त्या वर्षी पहार एका घावात हातभर आत गेली. त्यानं खड्ड्यात हात घातला. तळाशी पाणी झिरपत होतं.

पंचांगानंही यंदा बैलाचं डोकं काळं सांगितलं होतं. काळं म्हणजे पूर.

तो तडक मुखिया कंगकडे गेला. "मुखिया, बांध आतून पाझरतोय."

"छूदादा, वय झालं तुमचं," कंग हसला. "आणि हे बघा, काळं डोकं दिसलं की अर्धं गाव पेरणीआधी बोचकी बांधेल. पिवळं रंगवा."

पिवळं म्हणजे भरघोस पीक.

"रंगवणार?" बायकोनं, लान्यिंगनं विचारलं.

"मी नाही रंगवलं तर दुसरा कुणी रंगवेल."

"म्हणजे रंगवणार," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वसंताच्या सकाळी रंगीत कागद गुंडाळलेल्या काठ्या बैलावर पडल्या. पोट फुटलं, आतलं धान्य सांडलं. शेतात टाकायला ढेकळं मिळवण्यासाठी झुंबड उडाली. शेजारची विधवा फान त्या दिवशी शकुन म्हणून चावायचा अर्धा मुळा घेऊन आली.

"घ्या काका, वसंताचा चावा! सासूबाईंना घेऊन माहेरी जाणार होते मी. पण पिवळा बैल बघितला आणि ठरवलं, इथंच पेरायचं."

कंग दोन पावलांवर उभा होता. शौथ्येन मुळा चावत राहिला. त्याच्या हातातलं ढेकूळ आतून अजून ओलं होतं.

नंतर आठवडाभर तो घरोघर फिरला. "निघा इथून," म्हणाला.

"पिवळा तुम्हीच रंगवलात ना?" लोक हसत. फान तेवढी हसली नाही. पण तिचं बी पेरून झालं होतं.

त्यानं लान्यिंगला टेकडीवर तिच्या भावाकडे नेलं. स्वतः मात्र दर चार दिवसांनी खाली येई आणि बांधाच्या भेगांत ज्वारीची ताटं कोंबत बसे. भेगा वाढतच गेल्या.

सातव्या महिन्यात, भर दुपारी बांध फुटला. तो टेकडीवरून पाहत होता. आधी आवाज आला, मग छपरं हलली.

फान विलो झाडाला धरून वाचली. तिची सासू सापडली नाही. कंगही नाही.

"काका," ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मुळा खाताना तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

पुढच्या हिवाळ्यात उरलेल्यांनी त्याला बैल करायला सांगितलं. त्यानं माती टेकडीवरची घेतली आणि पंचांगाचं पान सगळ्यांदेखत वाचून घेतलं. यंदा पांढरं निघालं. पांढरं म्हणजे रोगराई.

"रंगवा," फान म्हणाली.

त्यानं रंगवलं. काठ्या पडल्या तेव्हा कुणी ओरडलं नाही, आणि ढेकळं उचलायला एकटी फानच वाकली.