गोंद ओला आहे

ट्रेलररावांचे दोन्ही हात एकदम मोकळे मी कधी पाहिले नाहीत. जर्मनीत नेकारसुल्मला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दिवसा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आणि संध्याकाळी इमारतीच्या तळघरात, आपल्या वाट्याच्या खोलीत, म्हणजे केलरमध्ये, चिमटीत काहीतरी इवलंसं धरून बसलेले. 'काहीतरी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ट्रकमागचे लांबलचक ट्रेलर उचलून रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवत. त्यांच्या सत्त्याऐंशी पट लहान प्रतिकृती हे गृहस्थ करत. अमेरिका पाहिलेली नाही. रूळसुद्धा घातलेले नाहीत. "चालवली की चाकं झिजतात," म्हणायचे. म्हणजे न चालणाऱ्या मालगाडीवर न चालणारे ट्रेलर!

गणपतीची आरती सुरू झाली की हे खाली. पुण्याहून त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल आला तरी हे खालीच. उत्तर ठरलेलं, "दोन मिनिटं. गोंद ओला आहे." इतका वेळ धरून बसावं लागतं का हो, असं मी एकदा विचारलं. "गेनाऊ! नेमकं इथंच तुम्ही लोक चुकता," ते म्हणाले. "ट्रेलर वाघिणीच्या पाठुंगळीला बसतो. पाय तिरके चिकटले तर बसेल का नीट?" पोटची पोर ईरा मात्र "पापा, कोम दोख! या ना!" म्हणत दारातच ताटकळायची. तिला आत मज्जाव होता, ओल्या रंगावर धूळ बसते म्हणे. असला दीडशहाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी वृंदावहिनींनी र्युसेल्सहाइमला नोकरी धरली आणि मुलीला घेऊन वेगळं राहायचं ठरवलं. "भाऊजी, एकदा वर येऊन 'जाऊ नकोस' म्हणाले ना हे, तर आत्ता बॅगा उघडीन," असं त्या मला म्हणाल्या होत्या. स्टेशनवर मीच सोडणार होतो. निघताना त्या ईराला घेऊन केलरच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, निघतोय आम्ही."

ट्रेलररावांनी मान वर केली. डोळे भरले होते, पण चिमटी काही सुटली नाही.

"दोनच मिनिटं. गोंद ओला आहे."

वहिनी थांबल्या. खरंच थांबल्या. मग ईराच्या जाकिटाची चेन लावली आणि जिना चढू लागल्या.

त्यांना गाडीत बसवून मी वहिनींनी दिलेली घराची किल्ली द्यायला परत आलो, तर हे तसेच बसलेले, तोच ट्रेलर धरून. मला दया आली, पण चीड जास्त आली. किल्ली टेबलावर आपटून म्हटलं, "सोडा आता. वाळला असेल."

"केव्हाच," ते म्हणाले. "ती दारात यायच्या आधीच."