विनायक काकांच्या रायफलीचा बोल्ट

बोल्ट बंद झाला. व्हायला नको होता.

मी तो उघडला, आतलं मापाचं गेज बाहेर काढलं, पुसलं, चेंबर पुसलं आणि पुन्हा लावून पाहिलं. बोटानं हलकं ढकलताच बोल्ट परत आरामात बंद झाला. काउंटरच्या पलीकडे विनायक काका हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा चेहरा फुलला.

"वा, किती स्मूथ आहे बघ," ते म्हणाले.

"काका, स्मूथ आहे हीच तक्रार आहे."

मी इथे अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका गन शॉपमध्ये गनस्मिथ आहे. म्हणजे मी बंदुका विकत नाही. जोडते, दुरुस्त करते, तपासते. विनायक काका मूळचे नागपूरचे. एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागातून रिटायर झाले. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी केली होती, ती हौस इथे येऊन पुन्हा जागी झाली. क्लबच्या रेंजवर ते आणि मंदा काकू दर शनिवारी जातात. काकूंचा नेम काकांपेक्षा चांगला आहे आणि हे काका स्वतःच सगळ्यांना सांगतात.

या वर्षी त्यांनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घरी जोडायची ठरवली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येऊन बसते. इथे स्वतःसाठी अशी रायफल जोडता येते. ज्या भागाला कायदा रायफल मानतो तो रिसीव्हर काकांनी आमच्याच दुकानातून रीतसर, पार्श्वभूमी तपासून घेतला होता. बाकीचे भाग ऑनलाइन मागवले. बेत असा होता की खंडेनवमीला घरी रायफलीची पूजा, दसऱ्याला रेंजवर मुहूर्त. पहिली गोळी मंदा काकू झाडणार. मराठी मंडळातली चार-पाच रिटायर्ड काका मंडळी बघायला येणार. त्याआधी दुकानानं तपासून ओके म्हणावं, एवढ्यासाठी ते आले होते. खंडेनवमी परवावर होती.

आता बोल्टचं सांगते. काडतूस बॅरलच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये बसतं. त्याच्या पाठीमागे दार लावावं तसा बोल्ट बसतो. गोळी पुढे सुटते तेव्हा तितकाच धक्का मागे येतो आणि तो सगळा हा अंगठ्याएवढा पोलादी तुकडा झेलतो. काडतुसामागे मोकळी जागा किती राहते ते बघायला काडतुसाच्या आकाराची दोन पोलादी गेजेस असतात. एकावर बोल्ट बंद व्हायलाच हवा. दुसऱ्यावर बंद होता कामा नये. काकांचा बोल्ट दुसऱ्यावरही बंद होत होता. जागा जास्त होती. अशा जागेत काडतुसाचं पितळ फाटू शकतं. मग गरम गॅस मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा गाल असतो.

मी आमच्या कपाटातला एक चांगला बोल्ट त्यांच्या बॅरलमध्ये लावून पाहिला. तो दुसऱ्या गेजवर अडला. म्हणजे बॅरल ठीक होतं. दोष बोल्टचा.

"अगं पण त्यावर तपासणीची अक्षरं आहेत," काका म्हणाले. "मी बघून घेतलाय."

अक्षरं होती. चांगले कारखाने प्रत्येक बोल्ट जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात, मग चुंबकानं तडा आहे का ते शोधतात, आणि मग तो शिक्का मारतात. पण अक्षरं कोरायला तपासणी करावी लागत नाही, कोरणारं मशीन लागतं. या बोल्टवर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

"काका, कोणाचा आहे हा?"

"कोणाचाही असो. अगं, ही सगळी दोन-चार कारखान्यांत बनतात. आपण फक्त नावाचे पैसे देतो. मी जेनेरिक औषधांत आयुष्य काढलंय. लेबल बदलतं, माल तोच."

बाकीचे भाग मात्र त्यांनी हात सैल सोडून घेतले होते. स्कोप उत्तम. ट्रिगर उत्तम. खांद्याला टेकवायचा दस्ता तर माझ्या स्वतःच्या रायफलीला नाही असा. आपल्या लोकांचं हे नेहमीचं आहे. हॉलमधल्या सोफ्यावर खर्च करतील आणि गाडीला टायर सेलमधले घालतील. जे चारचौघांना दिसतं ते भारी, जे आत असतं ते चालून जाईल.

तेवढ्यात माझा बॉस ग्लेन मागून आला. त्यानं गेज बघितलं, बोल्ट बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"सई, तो चांगला कस्टमर आहे. त्याचे मित्र येतायत. 'काही झालं तर जबाबदारी माझी' अशा वेव्हरवर त्याला सही करू दे आणि घेऊन जाऊ दे. पार्ट आपला नाही, लायबिलिटी आपली नाही."

"वेव्हर काकूंचा डोळा परत देणार आहे का?"

"असं दर वेळी काही होत नाही."

"दर वेळी व्हायची गरज नाहीये, ग्लेन."

"यू आर नॉट द पोलीस."

"नाही. पण ओकेचा टॅग माझ्या नावानं लागतो. मी लावणार नाही. तू लाव."

ग्लेननं टॅगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन वाजला नसतानाही फोन घ्यायला गेला.

माझे बाबा भारतात असताना ग्राहक चळवळीत होते. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांनी बॅगेत भरून आणलेल्या पत्रकांवर. पावती मागा. वजन तपासा. गप्प बसू नका. त्यामुळे माझा आवाज अशा वेळी जरा चढतो. काउंटरकडे परतले तेव्हा तो चढलेलाच होता.

"काका, तुमची जेनेरिक गोळी चांगली होती हे तुम्हाला कशावरून कळायचं?"

"टेस्ट करायचो म्हणून."

"अधूनमधून?"

"अधूनमधून काय? प्रत्येक बॅच. कच्चा माल आला की वेगळा ठेवायचा, टेस्ट करायचा, सही झाल्याशिवाय आत नाही. एकदा एका सप्लायरनं सर्टिफिकेट नंतर पाठवतो म्हटलं, अख्खा ट्रक परत पाठवला होता मी."

"आणि तो म्हणाला असता की लेबलवर लिहिलंय ना टेस्टेड?"

काकांनी बोल्ट उचलला. चष्मा कपाळावर चढवून अक्षरं जवळून बघितली. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून विक्रेत्याला मेसेज टाइप करायला लागले. मला वाचून दाखवला. या लॉटच्या तपासणीचा रिपोर्ट, पोलादाचा ग्रेड आणि तपासणाऱ्याचं नाव पाठवावं.

उत्तर लगेच आलं. सर, हायेस्ट क्वालिटी, फाइव्ह स्टार, थँक यू.

"थँक यू म्हणतो," काका म्हणाले. "मी विचारलं काय, हा सांगतो काय? यार, असल्या माणसाकडून मी कॅप्सूलचं रिकामं कवचसुद्धा घेतलं नसतं." त्यांनी बोल्ट माझ्याकडे सरकवला. "रिजेक्ट. ठेव बाजूला. वर लिही रिजेक्ट, नाहीतर कोणीतरी उचलून लावेल."

मी लिहिलं. मला हायसं वाटलं. काम झालं असं समजून मी आमचा चांगला बोल्ट पुढे केला. हा लावते, उद्या टेस्ट-फायर करते, परवा पूजा, दसऱ्याला मुहूर्त. सगळं जमत होतं.

"याचा रिपोर्ट कुठाय?" काका म्हणाले.

"काका, ही नावाजलेली कंपनी आहे. आम्ही कायम हेच वापरतो."

"म्हणजे नावावर घेऊ? आत्ताच तर मला तासलंस. आणि हे गेज तू शेवटचं कधी तपासून घेतलंस?"

गेज मी रोज पुसून, तेल लावून ठेवते. तपासून घेतलं नव्हतं. ग्लेनकडे दुसऱ्या कंपनीचा जुना सेट होता, तो मागून आणला आणि काकांसमोर दोन्ही बोल्ट त्यावर परत लावले. निकाल तोच आला. काकांनी मान हलवली, परीक्षक विद्यार्थ्याला पास करतो तशी.

"गेजचं ठीक. बोल्टचा कागद येऊ दे."

"कंपनीला लिहिते, पण उत्तर यायला चार-पाच दिवस लागतील. मुहूर्त हुकेल."

"हुकू दे की."

ग्लेन आतून ऐकत होता. काका गेल्यावर बाहेर येऊन म्हणाला, "मी म्हटलं होतं त्याला जाऊ दे. आता तो मला पण ऑडिट करेल."

खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेले. पाटावर मंदा काकूंची शिवणाची कात्री, काकांचा जुना स्टेथोस्कोपसारखा दिसणारा कसलासा प्रयोगशाळेतला नळीचा भाग, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि मधोमध बोल्ट नसलेली रायफल. काकूंनी सगळ्याला हळदकुंकू वाहिलं, रायफलीला झेंडूचा हार घातला.

"अर्धवट रायफलीची पूजा चालते का काकू?" मी विचारलं.

"माझ्या मिक्सरचं भांडं फुटलंय, त्याचीही केली की," काकू म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, मला तर अशीच बरी वाटते. ह्यांना रोज रात्री ती पुसत बसायला निमित्त मिळतं, आणि मला टीव्ही माझ्या पसंतीचा बघता येतो."

दसऱ्याला मित्रमंडळी आली तेव्हा काकांनी त्यांना रेंजवर नेलंच नाही. घरीच श्रीखंडपुरी खाऊ घातली आणि अर्धा तास बोल्टवर भाषण दिलं. एक काका म्हणाले, विनायक, तुझी रायफल म्हणजे रिटायरमेंटनंतरची दुसरी नोकरी झाली रे. काका म्हणाले, पहिल्या नोकरीत निदान पगार मिळायचा.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा कागद आला. लॉट, पोलादाचा प्रकार, तपासणाऱ्याची सही. काकांनी तो दोनदा वाचला, बोल्टवरचा नंबर जुळवून पाहिला आणि मग म्हणाले, लाव. मी लावला, दोन्ही गेजेस परत घातली, रायफल स्टँडला बांधून लांबून दोरीनं टेस्ट-फायर केली, उडालेली पितळं एकेक करून बघितली. फुगलेलं, फाटलेलं एकही नव्हतं. टॅगवर सही केली.

शनिवारी काकूंनी पहिली गोळी झाडली. मग आणखी चार. पाचही छिद्रं बशीएवढ्या वर्तुळात होती. काकूंनी कानावरचे मफ काढले आणि म्हणाल्या, "धक्का कमीच आहे की हिला." काका टार्गेटकडे बघत नव्हते. खाली पडलेली पितळं गोळा करून उन्हात धरून बघत होते.

रायफल घरी जोडायची असेल तर जोडा. माझी काही हरकत नाही, माझं त्यात पोट आहे. पण आधी बोल्ट आणि बॅरल घ्या, ज्याचा बनवणारा नाव सांगतो आणि विचारल्यावर कागद पाठवतो त्याच्याकडून. जोडून झाली की दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. उरलेल्या बजेटात काय बसेल तो स्कोप घ्या. आणि मुहूर्त वगैरे सगळं झाल्यावर ठरवा.