साधं पेट्रोल

दोरी ओढायच्या आधी काका मशीनच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "उठा सरकार, लई झोपलात." मग मशीनच्या मुठीत एक पाय रोवून दोरी ओढायचे. पहिल्या ओढीला काही होत नसे. दुसरीला नुसतं खोकल्यासारखं व्हायचं. चौथ्या-पाचव्या ओढीला सगळी शेड धुरानं भरून जायची आणि काका त्या धुरात हसत उभे राहायचे.

मशीनला ते 'तुम्ही' म्हणायचे. माणसांना 'तू'. काकूंनाही, शेजारच्या रिटायर मास्तरांनाही. मला ते 'पोरी' म्हणायचे. मी तेव्हा चाळिशीला आले होते, माझी लेक दहावीला होती. पण मला ते ऐकायला आवडायचं, हे आधीच सांगते. पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला या माणसाचा नुसता राग आहे. नुसता राग असता तर सोपं होतं.

गारखेड्यात त्यांच्याकडं मी आठ वर्षं धुणंभांडी आणि झाडलोट केली. काका वाळूजला एका कारखान्यात फिटर होते, तिथून रिटायर झालेले. रिटायर माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी देवळात बसतं, कोणी पेपर घेऊन ओट्यावर बसतं. काकांनी करवती जमवायला घेतल्या. हातानं ओढायच्या नव्हे, पेट्रोलवर चालणाऱ्या. रस्त्यात झाड पडलं की महापालिकेची माणसं घेऊन येतात तसल्या. पण आजकालच्या हलक्या मशीनकडं काका बघायचेसुद्धा नाहीत. त्यांना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लागायच्या, लोखंडाच्या, दोन हातांनी उचलताना कंबर धरावी अशा. कुठल्या धरणाच्या कामावर आलेल्या, कुठल्या ठेकेदाराच्या गोदामात पडून राहिलेल्या. भंगारवाले त्यांना फोन करायचे. काका स्कूटर काढायचे आणि गंगापूर म्हणू नका, जालना म्हणू नका, कुठंही जाऊन मशीन पायाशी ठेवून घेऊन यायचे.

काकू म्हणायच्या, "सून घरात आली तवा एवढं कौतुक नव्हतं, जेवढं या भंगाराचं."

काका म्हणायचे, "सून पहिल्या ओढीला सुरू व्हायची. यांचं तसं नाय ना."

घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं मी फक्त झाडू मारायला जायची. एकदा काका गुडघ्यांवर बसून काहीतरी शोधत होते. कार्बोरेटरमधली स्प्रिंग उडाली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. अर्धा तास झाला होता म्हणे. मी झाडू मारता मारता ती केरातून उचलून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तुझी नजर लई चांगली हाय. बस इथं."

त्या दिवसापासून भांडी झाली की मी शेडमध्ये बसायला लागले. सुटे भाग रॉकेलमध्ये टाकायचे, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासायचे, फडक्यावर ओळीनं मांडायचे. नंतर त्यांनी मला साखळीच्या दातांना धार लावायला शिकवलं. करवतीची साखळी सायकलच्या चेनसारखी असते आणि तिला दात असतात. एकेका दाताला गोल कानस लावायची, तीनदा, पुढच्या बाजूनंच. सगळ्या दातांना सारखी. एका दाताला चार आणि दुसऱ्याला दोन झाल्या की करवत लाकडात वाकडी जाते. काका म्हणायचे, "कुणाचा लाड नाय करायचा, कुणाला उपाशी नाय ठेवायचं." माझी साखळी कधी वाकडी गेली नाही. हे मी माझ्या घरीही कधी सांगितलेलं नाही.

मशीन दुरुस्त झालं की काका ते वाळलेल्या ओंडक्यावर चालवायचे. ओलं झाड त्यांनी कधी कापलं नाही. शेजारच्या मास्तरांची आवाजाबद्दल तक्रार असायची. काका भिंतीवरून विचारायचे, "लग्नातला डीजे चालतो, हे नाय चालत व्हय?" पहिल्या कापाची लाकडाची चकती निघायची, तिच्यावर मशीन कुठं सापडलं ते लिहायचं आणि ती शेडच्या भिंतीला लावायची. काकांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. पण माझं अक्षर गोल आहे, बाई माझी पाटी वर्गाला दाखवायच्या. शेडमधलं सगळं लिखाण माझं होतं. पेट्रोलच्या दोन कॅनवरचंसुद्धा. एकावर 'साधं', दुसऱ्यावर 'तेलाचं'.

या दोन कॅनचं नीट सांगायला हवं. या मशीनना जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं. त्या ऑइलनंच आतला पिस्टन ओला राहतो. साधं पेट्रोल घातलं तर मशीन सुरू होतं, चांगलं चालतं, आणि थोड्या वेळानं आतून करपून जाम होतं. नवीन मशीन असेल तर भाग बदलता येतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनचे भाग कुठं मिळणार? म्हणून काकांचा नियम होता की टाकी मीच भरायची. ऑइल मिसळलेलं पेट्रोल हिरवट दिसतं. मी कॅन उजेडात धरून रंग बघायची, मग ओतायची.

सिल्लोडच्या एका वखारीत त्यांना ते मोठं मशीन मिळालं. दोन माणसांचं. एका टोकाला इंजिन, आणि पातं संपतं तिथं दुसऱ्या टोकाला एक मूठ, दुसऱ्या माणसानं धरायला. वखारवाले बडेमियाँ म्हणाले होते, "ले जाव चाचा, मेरे अब्बा के टाइम से पडा है, इसको उठाने को भी दो आदमी लगते." टेम्पोतून आणलं तेव्हा त्यात उंदरांचं घर होतं. दोन वर्षं आम्ही त्याच्यावर खपलो. पिस्टनची रिंग काकांनी वाळूजच्या जुन्या सोबत्याकडून लेथवर करून घेतली, ती तीनदा चुकली. चौथीला बसली.

चालवायची वेळ आली तेव्हा दुसरी मूठ धरायला कोणी नव्हतं. काकू म्हणाल्या, मला अजून जगायचंय. मग काकांनी मला हाक मारली. मी पदर खोचला, कानांत कापूस घातला आणि मूठ धरली.

"जोर लावू नको," ते म्हणाले. "खाली ते आपले आपण जातेत. तू नुसती सरळ राहा."

लिंबाचा ओंडका होता, माझ्या कमरेएवढ्या घेराचा. मशीन सुरू झालं तसे माझे दात वाजायला लागले. पलीकडं काका, अलीकडं मी, मधे भुसा उडत होता. चकती खाली पडली, अगदी सरळ. काकांनी मशीन बंद केलं आणि चकतीवरून तळहात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते. मी समजून बाहेर जाऊन भुसा झाडत बसले.

त्या थंडीत त्यांनी पाहुणे बोलावले. असल्याच करवती जमवणारे चौघं जण, फोनवर ओळख झालेले. पुण्याचे एक होते, जाड आवाजाचे, त्यांच्याकडं म्हणे काचेच्या दाराची खोली होती मशीनसाठी. मी सकाळपासून पोहे आणि चहात होते. शेडमधून आवाज येत होते, हसणं येत होतं. मोठं मशीन शेवटी दाखवायचं ठरलं होतं. मला वाटलं होतं, काका हाक मारतील. मी हात पुसून तयार होते. पण दुसरी मूठ पुण्याच्या पाहुण्यांनी धरायची असं ठरलं होतं. पाहुणे एवढ्या लांबून आलेले, ते बरोबरच होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारात गेले तेव्हा काका टाकी भरत होते. स्वतः. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो ते कोणाला सांगत नसत. मी बघितलं तर धार पिवळट होती. हिरवी नव्हती. कॅनवर माझ्याच अक्षरात 'साधं' लिहिलेलं होतं, ते त्यांच्या पोटाकडं होतं.

"काका," मी म्हणाले.

पाचही माणसं माझ्याकडं वळली. तुमच्यात कोणी माझ्यासारखं असेल तर त्याला कळेल. शब्द तोंडात होते. चारच शब्द होते.

"काय गं?" काका म्हणाले.

"चहा आणलाय," मी म्हणाले.

"ठेव तिथं."

मशीन सुरू झालं. फार सुरेख आवाज होता. पहिला ओंडका कापला, टाळ्या झाल्या. दुसरा निम्म्यावर आला तेव्हा आवाज बारीक होत गेला, शिट्टीसारखा झाला, आणि एकदम सगळं थांबलं. करपल्याचा वास आला. काकांनी दोरी ओढली, ती जागची हलली नाही. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मग कॅन उचलून डोळ्यांजवळ धरला. मग माझ्याकडं बघितलं.

पुण्याचे पाहुणे म्हणाले, "साधं घातलं की काय हो कुणी?"

काका म्हणाले, "हिनं भरलं असंल. चौथी शिकलेली बाई, डब्यावरचं काय वाचणार."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, आमच्या ड्रायव्हरनं पण एकदा असंच केलं होतं. भिंतीवर माझ्या अक्षरातल्या एकोणीस चकत्या लटकत होत्या. मी कप गोळा केले.

काकांची लाज राखायला मी गप्प बसले, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं काही नव्हतं. मला चार माणसांत बोलता येत नाही, एवढंच. आधी बोलता आलं नाही म्हणून मशीन गेलं, आणि नंतर बोलता आलं नाही म्हणून मी गेले.

शेड मला बंद झाली. नाही म्हणून कोणी सांगितलं नाही, फक्त दाराला कडी असायची. दोन महिन्यांनी काकांनी मोतीबिंदू काढून घेतला. काळा चष्मा निघाला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. शेडमध्ये फळीवर दोन्ही कॅन होते. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचलं, "साधं." मग दुसरा वाचला. मग म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं."

मी वाट बघितली. झाडू हातात धरून बराच वेळ वाट बघितली. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाले, "कानस घे पोरी. यांची साखळी लई बोथट झाली."

मी कानस घेतली. काकांपेक्षाही या गोष्टीचा मला जास्त राग येतो. मला ते काम हवं होतं. पुढं तीन वर्षं मी त्या शेडमध्ये बसले. काका माझ्यासाठी घरातून भुईमुगाच्या शेंगा आणायचे, माझ्या लेकीचा निकाल विचारायचे, मला ताप आला तर रिक्षानं घरी पाठवायचे. आणि त्यांच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की ते मोठं मशीन कामवाल्या बाईनं घालवलं.

मागच्या वर्षी काका गेले. स्कूटर स्टँडवर लावता लावता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला पुण्याचे पाहुणे आले होते. काकांचा मुलगा हैदराबादला असतो, त्याला घर रिकामं करायचं होतं. सगळी मशिनं पाहुण्यांनी न्यायची ठरली. मी बैठकीत पाणी देत होते. पाहुणे सांगत होते, काकांसारखा माणूस होणे नाही, हात सोन्याचा. मग म्हणाले, "ते जाम झालेलं मशीन मी दारातच ठेवणार आहे. येईल त्याला सांगणार, एवढं दोन वर्षं खपून केलं, आणि कामवाल्या बाईनं साधं पेट्रोल ओतलं." सगळे हळहळल्यासारखं हसले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पाण्याचा ग्लास त्यांनी माझ्याच हातून घेतला.

"मी नव्हतं ओतलं," मी म्हणाले. "काकांनी ओतलं. मी बघितलं होतं. डब्यावरचं अक्षरसुद्धा माझंच होतं."

माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. पाहुणे ग्लासाकडं बघत म्हणाले, "असेल, असेल." काकांचा मुलगा उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आजच्या दिवशी नको ना. गेलेल्या माणसावर कशाला."

मी आत आले. मोरीत भांड्यांचा ढीग होता. मी नळ सोडला आणि पहिलं पातेलं घेतलं. काकू मागून येऊन उभ्या राहिल्या.

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी जेवताना सांगितलं मला त्यांनी. डोळ्याला दिसलं नाय म्हणाले."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणलं होतं त्यान्ला. चार माणसांत बोललात, आता निदान तिला एकटीला तरी सांगा." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "तर म्हणाले, जाऊ दे, ती कुठं बोलती."

मी नळ बंद केला. मी आत्ताच बोलून आले होते. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. फक्त ऐकायला ते नव्हते.