लग्नातल्या ब्लाउजचं माप

शिवणवर्गातल्या चिंध्या रोज संध्याकाळी झाडून निघायच्या, किस्से मात्र साठत गेले. टेप कमरेभोवती गेली, की बाई आपोआप बोलायला लागते. नायलॉनच्या साड्या नव्याने आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. जळगावात अक्कांच्या वर्गात आम्ही पाचसहा जणी मशीनवर बसायचो. बहुतेक लेकुरवाळ्या, त्यामुळे बोलणंही त्याचंच.

*

सराफ गल्लीतल्या एका शेठजींची सून बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ब्लाउज टाकायला आली. मी माप घेऊ लागले, तर तिने टेपच धरली.

"हे नका लिहू. वहीत जुनं माप आहे ना, त्याचेच सहा शिवा."

अक्का म्हणाल्या, "अहो, पण ते आता होणार नाहीत."

"दिवाळीपर्यंत होतील. सासूबाईंनी सांगितलंय."

"आणि दिवाळीपर्यंत काय घालणार?"

ती जरा विचारात पडली. "शाल घेईन."

बाहेर जळगावचा वैशाख होता.

*

आमच्यातल्या सुशीलाला बाळंतपणासाठी चोपड्याला माहेरी पाठवलं, त्याआधी सासऱ्यांनी तिला डाळमिलच्या मोठ्या काट्यावर उभं केलं होतं. माहेरी नीट खाऊ घालतात की नाही, ते कळावं म्हणून. परत आल्यावर पुन्हा काटा. नऊ किलो कमी भरली. पोचवायला आलेल्या तिच्या आईला सासूबाईंनी तिथंच ऐकवलं, "डिंकाचे लाडू नुसते दाखवायला केले होते का?" ती माउली रडत एसटीने परत गेली.

अक्कांनी मशीन थांबवलं. "अगं, जाताना पोटात बाळ होतं ना? आता त्याला कडेवर घेऊन चढ."

आम्ही हसून बेजार. फक्त पुष्पा हसली नाही. तिचं दुसरं बाळ चार महिन्यांचं होतं.

"नऊ किलो?" तिने हळूच विचारलं. "काय खायचीस गं तिकडे?"

*

माझंही सांगते. पहिल्या मुलीनंतर केस मूठमूठ जायला लागले, ते मी पावडरच्या डब्यात लपवून ठेवायचे. त्यात चपला चावू लागल्या. धुळ्याला माहेरी गेले, तेव्हा दुकानदाराने पाय मापला आणि म्हणाला, "ताई, मागे पाच नंबर नेला होता तुम्ही. आता पाय वाढायचं वय राहिलं का?"

मला इतका धक्का बसला, की मी पुन्हा पाच नंबरच घेऊन आले.

*

मग पुष्पाच्या दिराचं लग्न ठरलं. तिचे यजमान कचेरीत कारकून, टापटिपीचे. त्यांनी स्वतःच्या लग्नातला फोटो आरशाला लावला. "तोच शालू, तोच ब्लाउज. नवा शिवायचा नाही."

पुष्पाने तो ब्लाउज वर्गात आणला. आतलं कापड होतं तेवढं अक्कांनी सोडलं, तरी हुकांमध्ये चार बोटं अंतर राहिलं.

"बगलेत तुकडा जोडते," अक्का म्हणाल्या.

"नको. यांच्या लक्षात येईल."

तिने भाकरी सोडली. डबा आम्हाला वाटून टाकायची. पंधरा दिवसांत गालफडं बसली आणि दूध आटलं. बाळ बाटली तोंडात घेईना. त्याचं रडणंसुद्धा बारीक झालं होतं. आम्ही सांगून थकलो.

"दोनच बोटं राहिलीत," ती म्हणायची.

लग्नाला आठ दिवस असताना तिच्या सासूबाई वर्गाच्या दारात उभ्या. लग्नासाठी गावाकडून आलेल्या, बोलणं अहिराणी, नऊवारी, खांद्यावर नातू. त्यांचा दरारा आम्ही ऐकून होतो. सगळ्या उठून उभ्या राहिलो.

"ती चोळी कोठे शे?"

अक्कांनी ब्लाउज पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, जरीवरून हात फिरवला. मग टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि पाठीतून सरळ खालपर्यंत चालवली. पुष्पाने तोंडाला पदर लावला.

सासूबाईंनी नातवाला तिच्या मांडीवर दिलं आणि दोन्ही तुकडे अक्कांपुढे ठेवले.

"मना नातूले कुंची शिवी द्या," त्या म्हणाल्या. "उरी ते मना मोठा पोऱ्याले रुमाल करा. तेलेच मिरवानं शे."