भरलेली गाडी मागे जात नाही

आम्ही खराडीला राहायला गेलो तेव्हा आयटी पार्क आला होता, रस्ता यायचा होता. सोसायटीपासून मुलीच्या शाळेपर्यंत उसातून जाणारी एक वाट होती. तिच्यावर डांबर ओतलं होतं म्हणून तिला रस्ता म्हणायचं. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने मागे जायचं, एवढाच तिथला वाहतुकीचा नियम.

मी शनिवार पेठेत वाढलेला. कंपनीत माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचं. पेठेत हे लोक फुकट करतात, मला त्याचा पगार मिळायचा. नवी गाडी त्यातूनच घेतली होती. ती मला उत्तम चालवता यायची, फक्त पुढे. मागे घ्यायची झाली तर सोसायटीचा वॉचमन लागायचा. तो डिकीवर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा आणि थापा थांबल्या की मी ब्रेक दाबायचो. ही गोष्ट आम्हा दोघांतच आहे, असा माझा समज होता.

जूनमधला शाळेचा पहिला दिवस. मुलगी पहिलीत गेली होती. साडेसातला गेट बंद व्हायचं आणि उशिरा येणाऱ्यांना सगळ्यांसमोर झेंड्याच्या खांबाशी उभं करायचे. मागच्या वर्षी माझ्यामुळे ती तिथे दोनदा उभी राहिली होती. या वेळी तिने माझ्याकडून गळ्याशपथ घेतली होती.

सव्वासातला, अर्ध्या वाटेत, समोर चाऱ्याने भरलेला ट्रॅक्टर आला. चालवायला एक आजोबा आणि मडगार्डवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातली त्यांची नात.

"मागं घ्या, सायेब."

"का म्हणून? मी आधी आलोय."

"भरलेली गाडी मागं जात न्हाय. रिकामी जाती. आमच्याकडं असंच हाय."

"माझीही रिकामी नाही. मुलगी आहे, दप्तर आहे, डबा आहे."

मग मी सुटलोच. ट्रॉलीला मागे दिवा नाही, मडगार्डवर पोर बसवणं गुन्हा आहे, आपण लायसन काढलंय का? आजोबांनी शांतपणे इंजिन बंद केलं. मीही केलं. दोघी मुली एकमेकींच्या रिबिनी बघत बसल्या.

सात वीस झाले. तेवढ्यात माझ्या मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, बाबाला रिव्हर्स येत नाही. वॉचमनकाका थापा मारतात तेव्हाच येतो."

मला तिचा इतका राग आला की कान तापले. वळून बघितलं तर तिने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि डोळे भरले होते. तिला ट्रॅक्टरची भीती नव्हती, माझ्या शपथेची होती. माझी मलाच लाज वाटली.

आजोबा हसले असते तर बरं झालं असतं. ते खाली उतरले, माझ्या डिकीपाशी गेले आणि थाप मारून म्हणाले, "येऊ द्या. डावीकडं. येऊ द्या." त्यांनी मला थापा मारत विहिरीच्या वळणापर्यंत नेलं आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेले. गेट अर्धं लागलं होतं, मुलगी फटीतून आत शिरली.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तो ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट आधीच कडेला उभा होता. आजोबांनी हात केला. "जावा तुम्ही. पोरीची शाळा हाय."

त्यांच्या पोरीचीही शाळा होतीच.

रविवारी सगळी दुपार मी सोसायटीच्या मागच्या मैदानात रिव्हर्स शिकलो. वॉचमन लांब उभा राहून बघत होता, त्याला जरा वाईट वाटलं असावं. सोमवारी ट्रॅक्टर दिसताच मी काच खाली करून ओरडलो, "आजोबा, तुम्ही या! मी घेतो मागे!" पहिल्यांदा चाक उसात गेलं, दुसऱ्यांदा विहिरीच्या फार जवळ. पाचव्यांदा जमलं. आजोबा जाताना फक्त मान हलवून गेले, त्यांची नात मात्र टाळ्या वाजवत होती.

मुलीने घड्याळ बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "छान घेतलीस. पण आता मला खांबाशी सोडायला तूच आत ये."