पाटलांची फोर-व्हील आणि गफूर मिस्त्रींचे कान

दुरुस्त झालेली गाडी मालक घेऊन जातो, पण तिचा किस्सा काही तो नेत नाही. तो गॅरेजातच पडून राहतो, आणि पडता पडता किश्शांचा ढीग होतो! खामगावात माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि भिंतीला लागून गफूर मिस्त्रींचं गॅरेज. त्यामुळे माझ्याकडे पार्ट कमी आणि किस्से जास्त. आज सांगतो ते सगळे एकाच गाडीचे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाच्या काशीराव पाटलांनी मिलिटरीच्या लिलावातून एक पिकअप आणली. फोर-व्हील! म्हणजे एक दांडा ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही जोर लावायची. काळ्या मातीच्या चिखलातून ही गाडी सहज निघायची. निदान निघायला हवी होती.

गफूर मिस्त्री आवाजावरून बिघाड सांगायचे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मान वर न करता म्हणायचे, "ह्याचा क्लच गेला." आणि नेमकं त्याच वर्षी त्यांना ऐकू येईनासं झालं. हे फक्त मला माहीत होतं.

"वसंतभाऊ, कोनाले सांगू नका," ते मला म्हणाले. "कान गेला समजलं तं माह्या दारात गाडी कोन आनन?"

*

पहिली तक्रार आली ती अशी. दांडा ओढला तरी पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत.

मिस्त्रींनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. पाटलांचा ड्रायव्हर नामदेव याला दांडा ओढायला लावला आणि स्वतः पुढच्या बाजूला कान लावून बसले. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तोंड पार उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "समोरून कायीच आवाज नाई हो. संपलं माहं!"

मला वाईट वाटलं. काही तरी करायचं म्हणून मी गाडीखाली वाकून पाहिलं. पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच जागेवर नव्हता!

"तो तं दिवाळीलेच काढला," नामदेव म्हणाला. "बिनकामाचा फिरे, पेट्रोल खाये."

"मंग हाये कुठं आता?" मी विचारलं.

"गोठ्याच्या फाटकाले. अडसर म्हून लावला."

सोबत आलेल्या पाटलांना वेगळीच काळजी. "मिस्त्री, तो शाफ्ट गाडीले लावला तं फाटकाले काय लावू?"

मिस्त्रींनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला. शाफ्ट नव्हता म्हणून आवाज नव्हता! चहा कशाबद्दल, ते पाटलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

*

शाफ्ट बसला, तर दांडा अडकायला लागला. फोर-व्हील लागली की सुटायचीच नाही.

मिस्त्रींनी नामदेवला उपाय सांगितला. "अडकला तं गाडी रिव्हर्स घ्यायची. सुटते."

आठवड्यानं पाहतो तर पाटलांची पिकअप भर बाजारातून उलटी येतेय! नामदेव मान मागे वळवून हॉर्न वाजवतोय, आणि बाया-माणसं बाजूला पळतायत.

"कुठून येऊन राह्यला बे?" मी विचारलं.

"अर्ध्या रस्त्यापासून. मान धरली हो माही!"

"इतकं रिव्हर्स कायले घेतलं?"

"मी मिस्त्रीले तवाच इचारलं होतं, चार हात घेऊ का सुटेपर्यंत घेऊ? ते मान डोलवून म्हनले, हाव."

मी गॅरेजच्या दारात उभ्या मिस्त्रींकडे पाहिलं. ते नामदेवच्या ओठांकडे पाहत होते. "हाव," ते पुन्हा म्हणाले.

*

दांडा का अडकतो ते मिस्त्रींनी सुतळीनं शोधून काढलं. चारही टायरांना सुतळी गुंडाळून घेर मोजला. पुढचे दोन टायर नवेकोरे, मागचे दोन झिजून गुळगुळीत. लहान-मोठी चाकं एकत्र फिरवायला गेलं की गिअर आवळून बसत होते.

"पाटील, नवे टायर समोरच काऊन लावले?"

"वरातीत गाडी समोरूनच पाह्यतात न लोक! मागून कोन पाह्यते?"

"गाडी पाह्यते," मिस्त्री म्हणाले. "चारी नवे लावा, नाई तं चारी जुने."

पाटलांनी चारी जुने लावले. अन् दोन्ही नवे टायर केबिनच्या टपावर बांधले, लोकांना दिसले पाहिजेत म्हणून!

*

पावसाळा संपता संपता गाडीतून घरघर सुरू झाली. फोर-व्हील लावली की घरघर, काढली की बंद. ह्या वेळी पाटील चार गाडीवाल्यांना घेऊनच आले.

"मिस्त्री, पयले कसे ऐकून सांगत होते? तसं सांगा. नाई तं अकोल्याले नेतो. हे चौघंबी तिकडंच येऊन राह्यले."

आता आली पंचाईत! ठोकळ्यांवर गाडी सुरू झाली, चारही चाकं फिरायला लागली. मिस्त्रींनी लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक पुढच्या धुऱ्यावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. मग मधल्या गिअरपेटीवर. मग परत पुढे. मला त्यांच्या तोंडावरूनच समजलं, त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पाटलांनी चौघांतल्या एकाला डोळ्यानं 'चला अकोल्याले' अशी खूण केली.

मिस्त्रींनी पेचकस कानावरून काढला. मूठ पायजम्याला पुसली, दाढेखाली धरली आणि डोळे मिटले.

कानाला न येणारी घरघर दाढेला जाणवत असावी. मिस्त्री पेचकस धरून गाडीभोवती सरकत होते, एकेका जागी टोक टेकवत होते.

"समोर कायी नाई," शेवटी मूठ तोंडातून काढून ते म्हणाले. "मधली पेटी. डाव्या बाजूचं बेअरिंग."

पेटी उघडली. डाव्या बाजूच्या बेअरिंगमधून दोन फुटक्या गोळ्या टपकन खाली पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"काऊन हो मिस्त्री, दातानं?" पाटलांनी विचारलं.

मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. ते शांतपणे हात पुसत राहिले. ती ऐट पाहून पुढे विचारायची पाटलांची छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी अकोला रोडच्या एका मोठ्या गॅरेजचा मिस्त्री माझ्या दुकानात आला. पार्ट काही घेईना. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, मग काउंटरवर वाकून अगदी हळू म्हणाला,

"वसंतभाऊ, दोन पेचकस चावून झाले. कायी समजून नाई राह्यलं. गफूरभाई कोनत्या दाढेनं ऐकते?"