चार वाजताचा दहीभात

आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय आली होती. एक डॉक्युमेंट एकदा कुणाच्या नावावर लिंक केलं की त्यातली कामं त्याच्या कॅलेंडरात, कामांच्या पानावर, सगळीकडे आपोआप दिसायची. सगळे खूश. मला ना खुशी, ना वैताग. बाबा गेल्यापासून मला काही होतच नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, "पोरगी खंबीर आहे हं." खंबीर कसली, डोंबल! दगड झाले होते नुसता.

आईनं मात्र जेवण सोडलं होतं. आमच्या नारायणगुड्याच्या घरात ती पलंगावर पडून असायची आणि घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. या आठवड्यात पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि औषधं आणायला खाली गेले.

पुण्यातल्या भावाला कळत राहावं म्हणून आईचं सगळं मी एका डॉक्युमेंटमध्ये लिहून त्याला शेअर केलं होतं. तेही ऑफिसच्याच सॉफ्टवेअरमध्ये, कारण दिवसभर तेच समोर उघडं असायचं. घरचा पत्ता, किल्ली शेजारच्या काकूंकडे, चार वाजता मऊ दहीभात, मीठ कमी.

त्याच आठवड्यात एका नव्या कामासाठी मला रोज ऑफिसात हजर राहायचा हुकूम आला. चारचा दहीभात काकूंवर टाकला, त्या म्हणाल्या, "जमलं तर बघते." माझं रोजचं काम टीममधल्या एका तेलुगू मुलीकडे द्यायचं होतं. ती आमच्या जवळच, बरकतपुऱ्यात राहायची, घरून काम करायची. तिच्या नावावर माझ्या कामाचं डॉक्युमेंट लिंक करायचं, एवढंच. मी यादीतलं सगळ्यात वरचं निवडलं. उघडून बघितलंसुद्धा नाही.

दुपारी मीटिंगमध्ये फोनवर हिरवी खूण उमटली. 'दहीभात. अर्धी वाटी. झालं.' पाठोपाठ भावाचा फोन. "अगं, आई जेवली? खरंच?" काकूंनी भरवला असेल, असं म्हणून मी फोन ठेवला. ती खूण कुणी केली, हे मनातही आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर आईच्या उशाशी ती मुलगी बसलेली. मी दारातच थबकले.

"अक्का, आपने ही तो लिंक किया," ती गोंधळून म्हणाली. "चार बजे का काम मेरे नाम पे आया. मैं समझी, आपको बोलने में संकोच हुआ होगा."

ऑफिसचं काम म्हणून माझी आई दिली होती मी तिला! आणि ती बिचारी डबा घेऊन आली होती. "कोंचेम तिनंडी, अम्मा," थोडं खा म्हणत तिनं भरवलं, आणि आईनं खाल्लं.

ती गेल्यावर मी उरलेला भात कालवला आणि घास आईपुढे धरला. आईनं तोंड फिरवलं.

"अगं, तिच्या हातचं खाल्लंस ना? माझं का नको?"

"नक्को," आई म्हणाली. "ती माझ्याकडं बघून भरवती गं. तू घड्याळाकडं बघतीस. तुझे बाबा गेले तवापासून तू माझ्याकडं बघितलंच नाहीस."

मला राग आला. इतका, की वाटी आपटली मी. परकी पोर येते काय, आई जेवते काय, आणि मी इथं मरमर मरतेय! ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी रडूच आलं. पार नाक गळेपर्यंत रडले. आईनं हात वर करायचा प्रयत्न केला. तो माझ्या गुडघ्यापर्यंतच पोचला.

भात चादरीवर सांडला होता. वाटीत थोडा उरला होता. मी आईकडे बघितलं. गाल बसले होते, कपाळावर टिकली नव्हती, आणि डोळ्यांत माझ्यासारखंच पाणी. तिच्याकडे बघतच घास पुढे केला. तिनं तोंड उघडलं.

ती लिंक चुकीची होती. काढायला एक बोट पुरे होतं. मी काढली नाही.